जुन्या संगणकावर नेटबीएसडी बूट करताना: बायॉसच्या पडद्यापासून लॉगिनपर्यंत

जुना संगणक सुरू होतो, रॅम मोजली जाते, डिस्क ओळखली जाते. पण आजच्या एखाद्या लिनक्सची पेन ड्राइव्ह किंवा सीडी लावली की गाडी तिथेच अडते. यात बहुतेक वेळा संगणकाचा दोष नसतो. लिनक्सच्या कर्नलने, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याने, ३८६ प्रोसेसरचा आधार २०१३ च्या ३.८ या आवृत्तीत काढून टाकला. डेबियन या लिनक्स वितरणाने २०२५ मधल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटी पीसीसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं, आणि फ्रीबीएसडी या दुसऱ्या मोफत सिस्टिमनेही १५ व्या आवृत्तीपासून ३२ बिटी पीसीचं स्वतंत्र प्रकाशन बंद केलं. अशा वेळी नेटबीएसडी या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमकडे वळण्याला ठोस कारण आहे. १९९३ पासून हा प्रकल्प नाना तऱ्हेच्या हार्डवेअरवर एकच सिस्टिम चालती ठेवतो आहे. त्याची १० ही आवृत्ती २०२४ मध्ये आली आणि ती आजही ४८६ पासून पुढच्या पीसींना सामावून घेते.

ओपनबीएसडी हाही चांगला पर्याय आहे, त्याची ३२ बिटी आवृत्ती अजून निघते. पण २०१७ च्या ६.२ पासून तो दर बूटनंतर पार्श्वभूमीला कर्नलची नव्याने जुळणी करतो. सुरक्षिततेसाठी ही कल्पना उत्तमच आहे. मात्र कमी रॅम आणि संथ डिस्क असलेल्या यंत्राला ते ओझं जाणवतं. म्हणून पेंटियम २, पेंटियम ३ किंवा त्याआधीच्या यंत्रासाठी माझी शिफारस नेटबीएसडीचीच.

आधी बूट म्हणजे काय ते पाहू, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर उभा आहे. वीज आली की बायॉस, म्हणजे मदरबोर्डवरचा सुरुवातीचा प्रोग्राम, डिस्कचा पहिला सेक्टर मेमरीत आणतो. हा सेक्टर ५१२ बाइटचा असतो: ४४६ बाइट कोड, ६४ बाइटांत चार पार्टिशनांचा (डिस्कच्या विभागांचा) तक्ता आणि शेवटी २ बाइटांची खूण. हा छोटा कोड ॲक्टिव्ह, म्हणजे बूटसाठी खूण केलेलं, पार्टिशन शोधून त्याच्या सुरुवातीचा बूट कोड उचलतो. तो कोड फाइल सिस्टिममधली ‘बूट’ नावाची फाइल उचलतो, आणि ती फाइल कर्नल मेमरीत आणून त्याच्या हाती सूत्रं देते. कर्नल मेमरीत येईपर्यंत डिस्कवरचं प्रत्येक वाचन बायॉसमार्फत होतं. कर्नल सुरू झाला की तो बायॉसला बाजूला सारून स्वतःच्या ड्रायव्हरने डिस्कशी थेट बोलतो.

ही सीमारेषा पक्की लक्षात ठेवा. अडचण तिच्या अलीकडे आली तर उपाय बायॉस, केबल, पार्टिशन आणि बूट कोड यांत शोधायचा. पलीकडे आली तर कर्नलचे पर्याय आणि सेटिंग यांत शोधायचा. जुन्या यंत्रांवर लोकांचे दिवसच्या दिवस वाया जातात ते चुकीच्या बाजूला शोधत राहिल्यामुळे.

आधी यंत्राची तपासणी

प्रोसेसर ३२ बिटी आहे की ६४ बिटी हे पहिल्यांदा ठरवा. कोअर २ किंवा ॲथलॉन ६४ असेल तर यंत्र दिसायला कितीही जुनं असो, ६४ बिटी आवृत्तीच घ्या. पेंटियम ४ मध्ये दोन्ही प्रकार होते. २००६ चा पहिला कोअर ड्युओ आणि नेटबुकांमधला ॲटम एन२७० हे मात्र ३२ बिटीच. सुरुवातीच्या पेंटियम एम लॅपटॉपांवर अनेक लिनक्स ‘पीएई नाही’, म्हणजे जास्त रॅम हाताळण्याची सोय नाही, अशी तक्रार करून थांबतात. नेटबीएसडीच्या नेहमीच्या ३२ बिटी कर्नलला पीएई लागतच नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न उद्भवत नाही.

मग झाकण उघडा. मदरबोर्डवरचे कपॅसिटर वरून फुगलेत का, गळलेत का ते बघा. २००० च्या आसपासच्या बोर्डांत हा रोग सर्रास आढळतो, आणि असा बोर्ड दुरुस्त केल्याशिवाय त्यावर सिस्टिम बसवू नये. नाण्यासारखा सीआर२०३२ सेल बदलून टाका. सेल मेलेला असला की दर वेळी बायॉसची सेटिंग पुसली जातात आणि तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मागे गेलेल्या तारखेचा फटका पुढे बसतो: सुरक्षित जोडणीतली प्रमाणपत्रं अवैध ठरतात आणि पॅकेज उतरत नाहीत.

रॅम मेमटेस्ट८६ प्लसने निदान एक फेरी पूर्ण होईपर्यंत तपासा. खराब रॅमची लक्षणं फसवी असतात. एकदा फाइल उलगडताना त्रुटी येते, दुसऱ्या वेळी कर्नल मधेच कोसळतो, तिसऱ्या वेळी सगळं सुरळीत चालतं. एकच कृती दर वेळी वेगळ्या जागी अडत असेल तर आधी रॅमवर संशय घ्या.

बायॉसमधली सेटिंग

इथे घाई करू नका. ‘प्लग अँड प्ले ओएस’ हा पर्याय असेल तर तो ‘नो’ करा. ‘येस’ असताना बायॉस काही कार्डांना इंटरप्ट आणि पत्ते न देताच मोकळा होतो, आणि मग नेटवर्क कार्ड दिसतं पण चालत नाही. ‘व्हायरस वॉर्निंग’ किंवा बूट सेक्टर संरक्षण बंद करा, नाहीतर इन्स्टॉलरला पहिला सेक्टर लिहिताना आडकाठी होऊ शकते. ‘मेमरी होल १५-१६ एम’ बंद ठेवा. ‘ओएस/२, ६४ एमबीपेक्षा जास्त’ असा पर्याय दिसला तर तोही बंद. यूएसबी कीबोर्ड वापरणार असाल तर ‘यूएसबी लेगसी सपोर्ट’ चालू हवा. तरी शक्य असेल तिथे गोल पिनांचा पीएस/२ कीबोर्डच जोडा. डिस्कची पद्धत ‘एलबीए’ (सेक्टरांना सलग क्रमांक) किंवा ‘ऑटो’ ठेवा आणि पुढे ती बदलू नका. पद्धत बदलली की बायॉसची सिलिंडर-हेडची मोजणी बदलते आणि बसवलेली सिस्टिम अचानक बूट व्हायची थांबू शकते.

डिस्कच्या मर्यादा

जुन्या बायॉसला डिस्कचा किती भाग दिसतो, यावर बरंच काही अवलंबून असतं. सगळ्यात जुनी मर्यादा १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर यांच्या गुणाकारातून येते. ५१२ बाइटच्या सेक्टरने त्याचे ५२,८४,८२,३०४ बाइट होतात, म्हणजे जेमतेम अर्धा गिगाबाइट. त्यानंतरचा टप्पा ८.४ गिगाबाइटचा. काही बायॉस ३२ गिगाबाइटच्या वरची डिस्क ओळखताना गोठतातच. आणि २८ बिटी पत्त्यांची सीमा १३७ गिगाबाइटला येते.

यावर साधा उपाय असा की कर्नल ज्या पार्टिशनमध्ये राहतो ते मूळ पार्टिशन डिस्कच्या अगदी सुरुवातीला, बायॉसच्या आवाक्यात ठेवायचं. बाकीची डिस्क ‘यूएसआर’ आणि ‘होम’ला द्यायची. कर्नल सुरू झाल्यावर बायॉसची मर्यादा त्याला लागू होत नाही.

बायॉस मोठ्या डिस्कवर गोठतच असेल तर त्या डिस्कचा प्रकार बायॉसमध्ये ‘नन’ करून टाका. बायॉस तिच्याकडे ढुंकूनही बघणार नाही, पण कर्नलचा ड्रायव्हर तिला स्वतः शोधून काढेल. फक्त कर्नल दुसरीकडून चढवावा लागेल: सीडीवरून किंवा दुसऱ्या एखाद्या छोट्या डिस्कवरून. आयडीई या जुन्या डिस्क-जोडणीत बसणारं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड या कामाला फार सोयीचं. मात्र काही स्वस्त अडॅप्टरांत डीएमएच्या (प्रोसेसरला मधे न घेता होणाऱ्या डेटा-वहनाच्या) तारा जोडलेल्या नसतात. कार्ड म्हणतं मला डीएमए येतं, कर्नल तो वापरू पाहतो आणि ‘लॉस्ट इंटरप्ट’चे संदेश ओळीने येऊ लागतात. अडॅप्टर बदलणं हाच त्यावरचा खरा उपाय.

आयडीई डिस्कचे जंपरही बघून घ्या. एका केबलवर दोन उपकरणं असतील तर एक मास्टर आणि एक स्लेव्ह, किंवा दोन्ही केबल सिलेक्ट. ४० तारांच्या जुन्या केबलवर यूडीएमए ६६ आणि त्यापुढचे वेग मिळत नाहीत, त्यासाठी ८० तारांची केबल लागते.

इन्स्टॉलर यंत्रापर्यंत पोहोचवणं

पेन ड्राइव्हवरून बूट होणारं यंत्र असेल तर काम सोपं आहे. नेटबीएसडी सीडीसाठी आयएसओ आणि पेन ड्राइव्हसाठी ‘इन्स्टॉल डॉट आयएमजी’ अशा वेगळ्या फाइली देतो. पेन ड्राइव्हवर आयएसओ लिहू नका. डाउनलोड केलेल्या संकुचित फाइलची एसएचए५१२ बेरीज जुळते का आधी बघा, मग ती उलगडा, आणि डीडी कमांडने आयएमजी थेट उपकरणावर उतरवा. उपकरणाचं नाव दोनदा वाचून मगच एंटर दाबा, कारण डीडी काहीही विचारत नाही.

सीडीवरून बूट करण्याचं एल टोरिटो हे मानक १९९५ मध्ये आलं. त्यामुळे त्याआधीची यंत्रं आणि नंतरच्याही काही वर्षांतली बरीच यंत्रं सीडीवरून बूट होत नाहीत. जी होतात त्यांच्यासाठी सीडी कमी वेगाने लिहा आणि पुन्हा लिहिता येणारी चकती टाळा. जुन्या ड्राइव्हला ती वाचता येईलच असं नाही. वितरणात ‘बूट डॉट आयएसओ’ नावाची लहान प्रतही असते. तिच्यावर फक्त इन्स्टॉलर असतो, बाकीचे संच, म्हणजे सिस्टिमच्या फाइलींचे गठ्ठे, तो नेटवर्कवरून आणतो.

बायॉसला यूएसबी किंवा सीडी कळतच नसेल तर प्लॉप बूट मॅनेजर वापरून बघा. तो फ्लॉपीवर मावतो आणि त्याचे स्वतःचे यूएसबी ड्रायव्हर असतात. फ्लॉपीवरून प्लॉप सुरू करायचा आणि त्याच्या यादीतून यूएसबी निवडायचं.

नेटवर्क कार्डात पीएक्सई, म्हणजे नेटवर्कवरून बूट करण्याची सोय, असेल तर मला तोच मार्ग सगळ्यात आवडतो, कारण एकदा मांडणी झाली की कितीही यंत्रं त्यावरून बसवता येतात. दुसऱ्या एका संगणकावर डीएचसीपी (पत्ता देणारी सेवा) आणि टीएफटीपी (फाइल पाठवणारी सेवा) चालवा. डीएचसीपीने ‘पीएक्सईबूट’ फाइलचं नाव द्यायचं, ती टीएफटीपीवरून येते आणि मग इन्स्टॉल कर्नल ओढून घेते. या कर्नलच्या पोटातच इन्स्टॉलरची छोटी फाइल सिस्टिम असते, त्यामुळे यंत्राला वेगळी सीडी लागत नाही. कार्डात पीएक्सई नसेल तर आयपीएक्सई फ्लॉपीवर घेऊन त्या कार्डाला ती क्षमता देता येते.

आणि काहीच जमलं नाही तर डिस्क काढून नव्या संगणकाला यूएसबी अडॅप्टरने जोडा, सिस्टिम तिथे बसवा आणि डिस्क परत लावा. रॅम फार कमी असलेल्या यंत्रांसाठी हीच रीत बरी, कारण तिथे इन्स्टॉलर चालवणं हेच सगळ्यात जड काम ठरतं. यात दोन गोष्टी सांभाळायच्या. नव्या यंत्रात डिस्कचं नाव ‘एसडी०’ असतं, जुन्यात ते ‘डब्ल्यूडी०’ होतं. म्हणून कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये नाव थेट न लिहिता मोठ्या अक्षरांत ‘रूट’, टिंब आणि पार्टिशनचं अक्षर असं लिहा. मग कर्नलने ज्या डिस्कला मूळ मानलं तिचंच नाव आपोआप घेतलं जातं. दुसरं, इन्स्टॉलर बायॉसची भूमिती विचारेल तेव्हा जुन्या यंत्राच्या बायॉसमध्ये दिसलेले आकडे हाताने भरा. म्हणून डिस्क काढण्याआधी ते कागदावर टिपून ठेवा.

इन्स्टॉलरमध्ये

सीडी किंवा पेन ड्राइव्हवरून आलात की आधी एक मेनू दिसतो. साधा पर्याय निवडून यंत्र गोठलं तर एसीपीआय (हार्डवेअर आणि विजेच्या वापराची माहिती बायॉसकडून सिस्टिमला देणारी पद्धत) बंद असलेला पर्याय घ्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीच्या बायॉसमधली एसीपीआयची कोष्टकं अनेकदा सदोष असतात. त्यानेही भागलं नाही तर एसीपीआय आणि अनेक प्रोसेसरांचा आधार दोन्ही बंद असलेला पर्याय.

पार्टिशनची पद्धत विचारली की जुन्या बायॉससाठी एमबीआर (वर पाहिलेला पहिल्या सेक्टरमधला तक्ता) निवडा, नवी जीपीटी पद्धत नको. नेटबीएसडीचं पार्टिशन ॲक्टिव्ह आहे याची खात्री करा आणि बूट कोड बसवू द्या. पुढे डिस्कलेबलमध्ये, म्हणजे नेटबीएसडीच्या स्वतःच्या विभागणीत, ‘ए’ म्हणजे मूळ आणि ‘बी’ म्हणजे स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा). ‘सी’ हे संपूर्ण नेटबीएसडी पार्टिशन आणि ‘डी’ ही अख्खी डिस्क असते, त्यांना हात लावू नका. रॅम कमी असेल तर स्वॅपला सढळ जागा द्या. डिस्क लहान असेल तर कर्नल, मॉड्यूल, बेस आणि ईटीसी एवढेच संच घ्या. कंपायलर आणि ग्राफिक्सचे संच नंतरही उलगडता येतात.

दहाव्या आवृत्तीचा इन्स्टॉलर एन्ट्रॉपीबद्दल, म्हणजे अंदाज न येणाऱ्या यादृच्छिक माहितीबद्दल, विचारतो. ही पायरी ओलांडून जाऊ नका. जुन्या प्रोसेसरांत यादृच्छिक आकडे देणारी सूचना नसते, त्यामुळे सुरक्षित किल्ल्या बनवायला लागणारा कच्चा माल यंत्राकडे नसतो. दुसऱ्या विश्वासू संगणकावर तयार केलेली यादृच्छिक अक्षरांची ओळ इथे भरा. हे टाळलं तर पहिल्या बूटला एखादा प्रोग्राम एन्ट्रॉपीची वाट बघत थांबून राहतो आणि बघणाऱ्याला यंत्र गोठल्यासारखं वाटतं.

पहिला बूट, आणि तो अडला तर

आता पडद्यावर शेवटचं काय आलं ते नीट वाचा. कुठली कडी तुटली ते तिथेच कळतं.

‘नो ॲक्टिव्ह पार्टिशन’ म्हणजे पार्टिशनवरची खूण राहिली. इन्स्टॉलरमधून परत जाऊन ती लावा. ‘डिस्क रीड एरर’ आला तर केबल, जंपर आणि डिस्कची पद्धत तपासा. ‘इनव्हॅलिड सीएचएस रीड’ याचा अर्थ असा की बायॉसला एलबीए येत नाही आणि पार्टिशन जुन्या मोजणीच्या पलीकडे आहे. ते डिस्कच्या सुरुवातीला आणण्यावाचून गत्यंतर नाही. नुसताच लुकलुकता कर्सर दिसला तर बहुधा भूमितीचे आकडे जुळलेले नाहीत.

बूटचा मेनू दिसला म्हणजे अर्धी लढाई जिंकली. त्यातून प्रॉम्प्टवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या ओळीवर, जा. इथे ‘बूट’नंतर डॅश आणि २ लिहिलं की एसीपीआय बंद होतं, १ लिहिलं की एकच प्रोसेसर वापरला जातो, ‘व्ही’ लिहिलं की कर्नल तपशिलात बोलतो, आणि ‘एस’ लिहिलं की सिस्टिम एकट्या वापरकर्त्याच्या अवस्थेत उघडते.

कर्नलच्या ओळी सुरू होऊन अचानक पडदा काळा झाला तर कर्नल मेला असं लगेच समजू नका. जुन्या ग्राफिक्स चिपवर नवा ड्रायव्हर पडद्याचा ताबा घेतो आणि कधीकधी चित्रच हरवतं. अशा वेळी ‘बूट डॅश सी’ने कर्नलचं सेटिंग उघडा, ‘डिसेबल’ लिहून त्या ड्रायव्हरचं नाव आणि मागे तारांकन द्या, म्हणजे इंटेलसाठी ‘आय९१५डीआरएमकेएमएस’, इतरांसाठी ‘रेडिऑन’ किंवा ‘नूव्हो’, आणि ‘क्विट’ करा. साध्या व्हीजीए पडद्यावर काम सुरू होईल. हीच ओळ ‘बूट डॉट सीएफजी’ फाइलमध्ये ‘यूजरकॉन्फ’ म्हणून लिहून ठेवली की दर वेळी हाताने करावं लागत नाही. एखादं जुनं कार्ड ओळखताना कर्नल गोठत असेल तर त्याचा ड्रायव्हरही असाच बंद करता येतो.

पडदा कशानेच येत नसेल तर सीरियल पोर्ट हाताशी आहे. नल मोडेम केबलने दुसरा संगणक जोडा, वेग ९६०० ठेवा, आणि प्रॉम्प्टवर न दिसताही ‘कन्सडेव्ह कॉम०’ टाइप करून एंटर दाबा. ‘बूट-कॉम’ नावाची आयएसओ पहिल्यापासूनच सीरियलवर बोलते.

कर्नल सगळं ओळखून शेवटी ‘रूट डिव्हाइस’ विचारत थांबला तर घाबरू नका. आपण कुठून आलो हे त्याला बायॉसच्या माहितीवरून जुळवता आलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. तिथे ‘डब्ल्यूडी०ए’ लिहून एंटर दाबा. चुकीचं काही लिहिलं तर तोच उपलब्ध उपकरणांची यादी दाखवतो. बायॉसमध्ये ‘नन’ केलेल्या मोठ्या डिस्कसाठी हीच युक्ती मुद्दाम वापरायची: कर्नल सीडीवरून चढवताना ‘डॅश ए’ द्या आणि मूळ म्हणून डिस्कचं नाव सांगा.

शेलचा (आज्ञा घेणाऱ्या प्रोग्रामचा) मार्ग विचारून सिस्टिम एकट्या वापरकर्त्याच्या अवस्थेत थांबली तर ‘आरसी डॉट कॉन्फ’ ही सेटिंगची फाइल तपासा. त्यात ‘आरसी_कॉन्फिगर्ड’ समोर ‘येस’ नसेल तर सिस्टिम जाणूनबुजून पुढे जात नाही. एंटर दाबून शेल घ्या. मूळ पार्टिशन या वेळी फक्त वाचण्यापुरतं असतं, म्हणून आधी ‘माउंट डॅश यू’ मूळ तिरप्या रेघेवर चालवा, मग फाइल सुधारा आणि ‘एक्झिट’ करा.

लॉगिननंतर

‘आरसी डॉट कॉन्फ’मध्येच नेटवर्कसाठी ‘डीएचसीपीसीडी’ आणि दुरून लॉगिन हवं असल्यास ‘एसएसएचडी’ समोर ‘येस’ लिहा. एसएसएच पहिल्यांदा सुरू होताना किल्ल्या बनवायला संथ प्रोसेसरवर बराच वेळ लागतो. तो लागू द्या, यंत्र बंद करू नका. तारीख दुरुस्त करा, त्याआधी पॅकेज उतरवायला जाऊ नका.

या यंत्राकडून काय मागायचं तेही ठरवून घ्या. पेंटियम ३ आणि ॲथलॉन एक्सपीमध्ये एसएसई२ सूचना नाहीत, आणि आजचे मोठे ब्राउझर त्या गृहीत धरतात. तिथे ब्राउझरच्या मागे लागण्यात वेळ घालवू नका. शेल, संपादक, सी कंपायलर, घरच्या जाळ्यातला फाइल किंवा मुद्रण सर्व्हर, सीरियल पोर्टवरची उपकरणं हाताळणं, ही कामं तेच यंत्र आजही चोख करतं.

इन्स्टॉलची सीडी किंवा पेन ड्राइव्ह नंतरही टाकू नका. कधी डिस्कचा पहिला सेक्टर खराब झाला, किंवा शेजारी बसवलेल्या दुसऱ्या सिस्टिमने तो पुसला, तर त्या माध्यमावरून बूट प्रॉम्प्टवर या. ‘बूट’ लिहून पुढे ‘एचडी०ए’, अपूर्णविराम आणि ‘नेटबीएसडी’ द्या. पेन ड्राइव्हवरून आला असाल तर बायॉस तिलाच ‘एचडी०’ म्हणतो. तिथे ‘एचडी१ए’ करून बघा. डिस्कवरचा कर्नल थेट सुरू होईल, आणि बूट कोड आतून पुन्हा बसवता येईल.